गुलाबी कोको

किशनलालशेठच्या गेटातून नागडं बी बाहेर पडत नाही, हे जालना एमआयडीसीत कुणालाही विचारा. मका असो, बाजरी असो, कापूस असो. आधी चाळणी, मग हलकं-भारी वेगळं करणारी ग्रॅव्हिटी मशीन, मग औषधाचा ड्रम. ड्रममधून बी चांगलं गुलाबी होऊन उतरलं, की मगच पिशवीत जायचं. औषध न लावलेल्या बियाण्याला शेठ नागडं म्हणायचे, आणि असं काही म्हणायचे की ऐकणाऱ्या बायांनी उगाच पदर सावरावा.

अशा माणसाच्या घरात नातीनं चॉकलेटचा धंदा काढला. आता बोला.

कनिका पुण्याला अन्नप्रक्रियेचं शिकायला गेली, तेव्हा शेठनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की पोरगी परत येऊन बियाण्याची लॅब सांभाळणार. पोरगी परत आली, ती कोको भाजायचं मशीन घेऊन. जुन्या जालन्यातलं सरकीचं गोदाम रिकामं पडलं होतं, ते तिनं धुऊन-पुसून घेतलं आणि तिथं भट्टी, जातं, साचे असा संसार मांडला. पहिल्या दिवशी शेठ बघायला गेले आणि दारातच थबकले.

"बी भाजतेस?" ते म्हणाले. "अगं, आमच्या धंद्यात कुणी बी भाजलं तर त्याला पोलीस घेऊन जातील."

"दादाजी, हे खायचं आहे. पेरायचं नाही."

"तेच तर म्हणतो. सत्यानाश."

पण खरी गंमत पुढं होती. कनिकाला कुठलाही कोको चालत नव्हता. बाजारात पोत्यांनी मिळतो, पण तो कुठल्या देशातून आला, कोणतं जंगल तोडून लावला, त्याची फळं कुणाच्या लेकरांनी शाळा बुडवून फोडली, हे कुणी सांगत नाही. म्हणून ही बया आंध्रात गोदावरीकाठी जाऊन नागेश्वरराव नावाच्या एका शेतकऱ्याला शोधून आली. त्याच्या नारळाच्या बागेत सावलीला कोकोची झाडं. झाड तोडणं नाही, पोरं राबवणं नाही, फवारणीचं नाव नाही. तोडणीच्या वेळी कनिका तिथंच त्यांच्या घरी राहिली. फळं फोडली, ओलं बी केळीच्या पानांत झाकून लाकडी खोक्यात आंबवलं, उन्हात वाळवलं, आणि त्यातली निवडक चार पोती तिच्यासाठी वेगळी ठेवली. पोत्यांवर तिनं स्वतः हिरव्या रंगानं नारळाचं झाड काढलं. वर चॉकलेटच्या कागदावर नागेश्वररावांचा फोटो.

"आमच्या पिशवीवर कणसाचा फोटो असतो," शेठ म्हणाले. "शेतकऱ्याचा फोटो टाकला, तर दुसरे शेतकरी म्हणतील याचाच का, माझा का न्हाई. भांडणं लागतील."

असं टर उडवणं चालायचं. पण आतली गोष्ट वेगळी होती. कनिकाला बंगळुरूच्या एका मोठ्या चॉकलेट कंपनीनं नोकरी देऊ केली होती, आणि एक तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. इकडं मुंबईच्या एका कंपनीची दीपमाला नावाची बाई जालन्याला येणार होती. कोको कुठून येतो, कसा साफ होतो, कसा भाजला जातो, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि पसंत पडलं तर वर्षभराचा माल इथूनच घ्यायचा, असं तिचं काम. दीपमालानं हो म्हटलं तर कनिका जालन्यात राहणार. नाही म्हटलं तर बंगळुरू. आणि नात घरात असल्याशिवाय शेठना दुपारचं जेवण गोड लागत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोला, भगवतीदेवींनासुद्धा नाही. भगवतीदेवींना ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून न सांगताच सगळं कळत होतं, तो भाग निराळा.

दीपमाला यायच्या आदल्या दिवशी माल अजून साफ व्हायचा होता. कोकोच्या बियांत टरफलं, खडे, एकमेकांना चिकटलेल्या जोड्या. कनिका बसून हातानं निवडत होती आणि तिची मान आखडली होती. शेठना ते बघवलं नाही.

"माझ्याकडे पाठव," ते म्हणाले. "ग्रॅव्हिटीवर टाकतो. तू आजीबरोबर राजूरला गणपतीला जाऊन ये, उद्याचं साकडं घाल."

"दादाजी, फक्त साफ करायचं हं."

"मला बी शिकवतेस?"

कनिका हसली आणि आजीबरोबर राजूरला गेली. पोती टेम्पोतून एमआयडीसीत गेली. आणि शेठ गेले बियाणे व्यापाऱ्यांच्या बैठकीला, तिथं त्यांचं भाषण होतं.

भाषणाचा विषय बोगस बियाणं. या विषयावर शेठ बोलायला उभे राहिले की पंखेसुद्धा हळू फिरायचे. "दुसऱ्याचा माल आपल्या पिशवीत भरणारा," ते टेबलावर हात आपटत म्हणाले, "तो व्यापारी न्हाई. तो घरात शिरलेला चोर आहे. पिशवी खरी, सील खरं, आणि आत कुणाचा बाप कुणास ठाऊक." टाळ्या पडल्या. नेमका तेव्हाच फोन वाजला. प्लांटवरचा सुपरवायझर गजानन. हा टेंभुर्णीहून रोज मोटारसायकलवर यायचा आणि शेठच्या शब्दाबाहेर कधी जायचा नाही. तेच तर झालं.

"शेठ, कनिकाताईचा माल ग्रॅव्हिटीवरून उतरला. आता काय करू?"

"काय करू म्हंजे? नेहमीसारखं."

"शेठ, याला पन?"

"अरे, आज नवा लागला का कामाला? माझ्या गेटातून नागडं बी गेलंय का कधी?"

"न्हाई, बराबर," गजानन म्हणाला आणि फोन ठेवला. शेठनी पुन्हा टेबलावर हात आपटला आणि भाषण पुढं चालू केलं.

जेवण आटोपून शेठ प्लांटवर पोहोचले, तर चार पोत्यांचा कोको गुलाबी होऊन ताडपत्रीवर वाळत पडला होता. असा गुलाबी, की होळीला लाज वाटावी. शेजारी गजानन हात पुसत उभा, चेहऱ्यावर कौतुक मिळण्याची आशा.

"रंग काय बसलाय शेठ," तो म्हणाला. "मक्याला पन इतका बसत न्हाई."

 शेठचा आवाज असा फुटला की शेजारच्या रोलिंग मिलवाले बाहेर येऊन बघायला लागले. गजाननच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. त्यात टेंभुर्णी आली, मोटारसायकल आली, गजाननच्या शाळेचे मास्तरही आले. गजाननानं सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाला, "शेठ, मी इचारलं न्हाई का तुम्हाला? याला पन, असं मी सोताहून इचारलं. तुम्हीच म्हनले."

 शेठनी मूठभर बी उचललं, नळाखाली नेऊन घासलं. पाणी गुलाबी झालं, बी गुलाबीच राहिलं, आणि शेठचा उजवा तळवा मनगटापर्यंत रंगला. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. गुलाबी जाईना. ते औषध काही जेवणाच्या ताटात जायचं नव्हतंच. रुजणाऱ्या बियाला किडीपासून आणि बुरशीपासून वाचवायचं होतं. आणि हा कोको तर आंबवून वाळवलेला. तो रुजणारही नव्हता. म्हणजे पेरायच्या कामाचा नाही, खायच्याही कामाचा नाही. शेठच्या प्लांटमधून इतकं सुरक्षित आणि इतकं बिनकामाचं बी आजवर बाहेर पडलं नव्हतं.

शेठ खुर्चीत बसले. राजूरला साकडं घालणारी नात डोळ्यापुढं आली. तिला फोन करावा, असं मनात आलं. फोन हातात घेतला, आणि लावला तो पुतण्याला.

पुतण्या अक्षत हा जालन्यातला असा इसम, की तुम्ही वस्तूचं नाव घ्या, संध्याकाळपर्यंत ती दारात. कुठून आली, हे विचारायचं नाही, कारण त्यालाही ते माहीत नसायचं.

"काका, कोको ना?" अक्षत म्हणाला. "संभाजीनगरला बिस्किटवाल्यांना माल देणारा एक आहे. जल्दी पाठवतो. बी म्हणजे बी, त्यात काय बघायचं?"

बी म्हणजे बी. हेच वाक्य दुसऱ्या कुणी शेठसमोर उच्चारलं असतं, तर शेठनी त्याला गेटाबाहेर काढलं असतं. आज ते म्हणाले, "पाठव."

टेम्पो आला. पोत्यांवर परदेशी अक्षरं, कुठल्या देशाची ते कुणाला वाचता येईना. गजानन बी ओतत होता आणि शेठ स्वतः नारळाच्या झाडाच्या पोत्याचं तोंड धरून उभे होते. पिशवी खरी, आणि आत कुणाचा बाप कुणास ठाऊक. सकाळचं स्वतःचं भाषण त्यांना शब्द न शब्द आठवत होतं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती. तरी त्यांनी पोती शिवून घेतली आणि वर आपल्या प्लांटचं शिशाचं सील ठोकलं. ताडपत्रीवरचा गुलाबी माल आतल्या खोलीत कुलपात गेला.

संध्याकाळी कनिका प्रसादाचा नारळ घेऊन आली. गोदामात पोती रचलेली बघून तिचा चेहरा असा फुलला की शेठनी नजर दुसरीकडं फिरवली.

"इतकं जल्दी झालं, दादाजी?" तिनं सीलवरून हात फिरवला. "आता उघडत नाही. उद्या त्यांच्यासमोरच उघडते. तुमचं सील म्हटलं की मला बघायची गरज नाही."

शेठ उजवा हात खिशात घालून उभे होते. "जेवण कर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपमाला आली. शेठना वाटलं होतं, गॉगल लावलेली, इंग्रजी फाडणारी कुणी असेल. निघाली मूळची पुण्याची, चाळिशीची, साध्या सुती साडीतली. आल्याआल्या तिनं चपला बाहेर काढल्या आणि पाणी मागितलं. शेठची पंचाईत झाली. आगाऊ बाई असती तर फसवायला सोपं गेलं असतं.

"काका, तुम्ही हात मोडून घेतला का?" खिशाकडे बघत तिनं विचारलं.

"थंडी वाजते," शेठ म्हणाले. बाहेर जालन्याचं ऊन रणरणत होतं.

कनिकानं बागेचे फोटो दाखवले. आंबवायची खोकी दाखवली, नागेश्वररावांच्या बायकोनं केळीचं पान कसं पसरलं ते हातानं करून दाखवलं. असं भरभरून बोलत होती की दीपमालाबरोबर शेठसुद्धा पहिल्यांदाच नीट ऐकत होते. आजवर त्यांनी या सगळ्याची टिंगलच केली होती. कोणत्या झाडाचं बी, कुणी काढलं, कुणी वाळवलं, कोणत्या पोत्यात भरलं. हे तर आपलंच काम आहे, असं त्यांच्या मनात आलं. ही पोरगी बियाण्याचाच धंदा करून राह्यली, फक्त भाजून.

मग कनिकानं सील तोडलं. पोत्याचं तोंड उघडलं आणि वाकून वास घेतला. ती तशीच वाकून राहिली. नागेश्वररावांच्या बियाला आंबूस, फळासारखा वास यायचा, तो तिनं घरात सगळ्यांना हुंगवला होता. या पोत्यातून धुराचा वास येत होता, ओल्या लाकडाच्या चुलीचा. तिनं एक बी उचललं, चाकूनं उभं चिरलं. आतून ते तपकिरी, भेगाळलेलं असायला हवं होतं. निघालं जांभळट, पाटीच्या रंगाचं, नीट न आंबवलेलं.

कनिकानं मान वर केली आणि आजोबांकडे बघितलं. मग त्यांच्या खिशाकडे. मनगटाशी कफाखाली गुलाबी रंगाची एक कडा दिसत होती. बियाण्याच्या घरात वाढलेल्या पोरीला तो रंग ओळखायला वेळ लागत नाही.

"हा नागेश्वररावांचाच माल ना?" दीपमालानं वहीतून वर न बघता विचारलं.

कनिकानं चाकू खाली ठेवला. "हो," ती म्हणाली. "त्यांचाच."

शेठनी तो आवाज ऐकला. सपाट, गोड, दुकानदारी आवाज. बोगस बियाणं विकणारी माणसं याच आवाजात बोलायची, शेठनी अशी किती पकडून दिली होती. आणि आज त्यांच्याच नातीच्या तोंडून तो आवाज निघाला होता, तोही आजोबाची अब्रू झाकायला. पोरीनं आजवर त्यांच्याशी भांडण केलं होतं, पण खोटं कधी बोलली नव्हती. 

त्यांनी खिशातून हात बाहेर काढला आणि दीपमालाच्या वहीवर ठेवला.

"खोडा ते," ते म्हणाले. "माल बोगस आहे. मी भरला. पोरीला आत्ता या मिनटाला कळलं, तिचं तुम्ही मनावर घेऊ नका."

दीपमाला त्या गुलाबी हाताकडे बघत राहिली. शेठनी सगळं सांगितलं. बैठक, फोन, नेहमीसारखं, ड्रम, अक्षत, टेम्पो. स्वतःच्या भाषणाचं मात्र गाळलं होतं, तेवढ्यात दारात टेम्पो घेऊन थांबलेला गजानन म्हणाला, "शेठ तवा बोगस बियाण्यावर भाषन देऊन राह्यले होते." शेठनी त्याच्याकडे असं बघितलं की तो टेम्पोमागं गेला.

दीपमालाच्या ओठांचे कोपरे हलले, पण ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं वही मिटली.

"खरं सांगू का काका," ती म्हणाली, "मला कळलंच नसतं. मी सही करून गेले असते."

"मला कळलं असतं," कनिका म्हणाली. एवढंच. आणि ते तिनं आजोबांकडे बघून म्हटलं नव्हतं, चिरलेल्या बियाकडे बघून म्हटलं होतं.

करार झाला नाही. होणार कसा? दाखवायला मालच नव्हता. निघताना दीपमालानं चपला घातल्या आणि कनिकाला म्हणाली, "पुढच्या तोडणीला मला कळव. मी इथं नाही येणार, सरळ गोदावरीला येईन. पोती माझ्यासमोर भरा. हो म्हणेनच असं नाही, पण येईन." मग शेठकडे वळली. "आणि काका, तो रंग काही दिवसांनी जातो. माझे वडील पेरणीला जायचे, म्हणून माहीत आहे."

ती गेल्यावर कनिका आत जाऊन भट्टी पुसायला लागली. भट्टी आधीच स्वच्छ होती.

शेठ बाहेर ओट्यावर बसले. त्यांनी गजाननला कनिकाच्या वहीतून नागेश्वररावांचा नंबर शोधायला लावला. करार गेला तो गेला, पण ज्याचा माल नासवला त्याला सांगायला हवं, एवढा व्यापार त्यांच्यात शिल्लक होता. मराठी त्याला येत नव्हती, तेलुगू यांना येत नव्हती. पण बाजारात फिरून आलेली मोडकी हिंदी दोघांकडेही होती.

"राव साब," शेठ म्हणाले, "आपका माल मैंने खराब कर दिया. बीज समझ के दवा मार दी."

 पलीकडे कुठं तरी कोंबडी ओरडत होती.

"चारों?"

"चारों. पूरे."

शेठ वाट बघत होते. शिव्या येतील, भरपाई मागेल, किमान हळहळेल तरी. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती.

"बच्ची रोई क्या?" नागेश्वररावांनी विचारलं.

हा प्रश्न शेठनी धरलाच नव्हता. कालपासून त्यांनी पोत्यांचा विचार केला, सीलचा केला, अब्रूचा केला, बंगळुरूचा केला. बंगळुरूचाही विचार स्वतःच्या जेवणासाठीच केला. पोरगी रडली का, हे दूर गोदावरीकाठच्या त्या परक्या माणसानं आधी विचारलं. "देखता हूं," शेठ कसेबसे म्हणाले आणि उठले.

कनिका भट्टीमागं खालीच बसली होती, हातात फडकं.

"रडलीस का?" शेठनी दारातूनच विचारलं.

"थोडी. झालं आता." तिनं नाक ओढलं. "तुम्ही कसं काय विचारलं?"

शेठ खोटं बोलणार होते. पण एका दिवसाला तेवढं पुरे झालं होतं. "नागेश्वररावांनी विचारलं. मंग मला सुचलं."

कनिका त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग एकदम हसायला लागली. रडणं आणि हसणं एकातच, भगवतीदेवींसारखं. शेठ तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे कुरकुरले.

"माझी चूक झाली, बेटा," ते म्हणाले. "रंग लावला ती झालीच. पण तुला न सांगता दुसरा माल भरला, ती जास्त." मग जरा थांबून, जातं न्याहाळल्यासारखं करत त्यांनी विचारलं, "बंगळुरूला कधी निघायचं?"

"निघू का?"

"नको," शेठ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. "तू नसलीस की मला जेवण जात न्हाई."

कनिका काही वेळ फडक्याची घडी घालत राहिली.

"दिवाळीनंतर पुढची तोडणी आहे," ती म्हणाली. "तोवर आहे मी इथं. कंपनीला आज कळवून टाकते."

"मी पण येतो गोदावरीला. माफी समोर जाऊन मागायला पाहिजे. आणि खोक्यात बी कसं आंबवतात ते बघायचं आहे मला."

"या ना," कनिका म्हणाली. "पण बागेत शिरलात की हात खिशात ठेवायचे. दोन्ही."

शेठनी एकदा आपल्या गुलाबी तळव्याकडे बघितलं, आणि तो तिथंच, आत्तापासूनच, खिशात घातला.